लहान पेटीतील भूप

बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० नंतरच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांतील तंग जागेसाठी एल. एस. ३/५ ए हा ध्वनिवर्धक घडविला. उंची अवघी ३० सेंटिमीटर! या जोडीवर किशोरी आमोणकरांचा भूप ऐकला. गांधारावरील न्यासानंतर श्वासाची चाहूलदेखील लागते. आवाज दोन पेट्यांच्या मधोमध उभा राहतो आणि तंबोऱ्याची जवारी त्याच्यामागे दरवळत असते. डग्गा मात्र फसवा. खोल खर्ज या पेटीला झेपत नाही. १२५ हर्ट्‌झच्या आसपास असलेल्या किंचित फुगवट्यामुळे त्याचा केवळ भास होतो. पुस्तकांच्या फळीवर, भिंतीलगत, हा घुमारा अगदी बोजड झाला. पेट्या तिवयांवर, भिंतीपासून दोन हात पुढे आणल्या. डग्गा कृश झाला खरा, पण तबल्याचे बोल सुटे झाले. आम्ही तो कृशपणाच पत्करला.