पिशवीवरचं नाव आणि पिशवीतला घास

विषय जाहीर झाल्यावर साहजिकच कुणालाही वाटेल की सोलापुरात पाणी, यंत्रमाग, ऊस असे जिव्हाळ्याचे प्रश्न पडलेले असताना कुत्र्या-मांजरांच्या खाण्यावर तासभर कशाला घालवायचा? आमचं म्हणणं असं की हा प्रश्न विश्वासाचा आहे. माणसाला भाजी कडू लागली तर तो ताट सरकवतो, दुकानदाराशी भांडतो. घरातलं जनावर मात्र आपण ताटलीत टाकू ते वर्षानुवर्षं तेच खातं. तिथे निवड चुकली तर तिची किंमत ते जनावर भरतं.

या विषयावर एक सूर सगळीकडे ऐकू येतो. लहान, प्रेमानं चालवलेली 'नॅचरल' खाद्याची कंपनी असते. मग बडी कंपनी तिला गिळते, माल बिघडतो, नाव तेवढं राहतं. हा सूर कितपत खरा, ते आज तपासायचं आहे.

त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. विकत घेण्याची ही परंपरा जुनी आहे. दातांच्या पेस्टवाल्या कोलगेटनं हिल्स ही कंपनी १९७६ मध्येच घेतली. नेस्लेनं २००१ मध्ये राल्स्टन प्युरिना घेतली. चॉकलेटवाल्या मार्सकडे पेडिग्री, व्हिस्कस, रॉयल कॅनिन आहेत. नंतर मोर्चा वळला तो 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्यांकडे. अमेरिकेतली नॅचुरा ही कंपनी इनोव्हा, इव्हो, कॅलिफोर्निया नॅचरल या नावांनी खाद्य विकायची. २०१० मध्ये ती साबणवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलनं घेतली. २०१३ मध्ये साल्मोनेलाच्या शंकेनं तिचा माल बाजारातून परत बोलवावा लागला. २०१४ मध्ये प्रॉक्टरनं आपला या धंद्याचा मोठा भाग मार्सला विकला, त्यात नॅचुराही गेली. पुढच्या काही वर्षांत ती तिन्ही नावं बाजारातून दिसेनाशी झाली.

आपल्याला हे नवीन नाही. १९९३ मध्ये पार्लेची शीतपेयं कोका-कोलानं घेतली. थम्स अप टिकलं, गोल्ड स्पॉट गेलं. कुठलं नाव ठेवायचं आणि कुठलं मोडीत काढायचं, हे पिणाऱ्याला कुणी विचारलं नाही. पण थंड पेय गेलं तर दुसरं पिता येतं. पोटाचा विकार असलेल्या कुत्र्याला महत्प्रयासानं एक खाद्य मानवलेलं असतं, त्याचं काय करायचं?

इथवर तो सूर बरोबर. आता त्याला न मानवणारी बाजू बघा.

ब्लू बफेलो ही अमेरिकेतली गाजलेली 'नॅचरल' कंपनी. आमच्या खाद्यात कोंबडीच्या उपपदार्थांची पूड नाही, हा तिचा दावा. २०१४ मध्ये प्युरिनानं तिच्यावर दावा ठोकला की आम्ही तपासलं, त्यात ती पूड सापडते. दुसऱ्या वर्षी ब्लू बफेलोला कबूल करावं लागलं की पुरवठादारानं दिलेल्या मालात ती मिसळलेली होती. हे घडलं तेव्हा कंपनी स्वतंत्र होती. जनरल मिल्सनं तिला ८०० कोटी डॉलरला घेतलं ते २०१८ मध्ये. म्हणजे लबाडी पुरवठ्याच्या साखळीत होती, ती उघडी पडली प्रतिस्पर्ध्याच्या प्रयोगशाळेमुळे, आणि तो प्रतिस्पर्धी होता नेस्लेच्या घरातला! हेतू अर्थात धंद्याचाच. पण 'लहान तो साधू, मोठा तो चोर' हे गणित इथे बसत नाही.

दुसरं उदाहरण २००७ चं. मेनू फूड्स या कॅनडाच्या कंपनीला सुमारे सहा कोटी डबे-पाकिटं परत घ्यावी लागली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन होतं. प्रथिनं मोजण्याची नेहमीची चाचणी नायट्रोजन मोजते, मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून कागदावर प्रथिनं वाढलेली दिसतात. जनावरांचे मूत्रपिंड निकामी झाले. आणि लोकांना तेव्हा कळलं की दुकानात शेजारी-शेजारी मांडलेले स्वस्त-महाग कितीतरी ब्रँड एकाच कारखान्यातून येत होते.

तेव्हा मालक कोण, हा प्रश्न अपुरा आहे. बनवतो कोण, तपासतो कोण आणि चुकलं तर उत्तर देतो कोण, हे तीन प्रश्न खरे.

आमची मुख्य तक्रार पिशवीवरच्या भाषेबद्दल आहे. 'नैसर्गिक', 'पूर्वजांचा आहार', 'लांडग्यासारखं खाणं'. या शब्दांनी पोषणाबद्दल काहीही सांगितलं जात नाही. 'धान्यविरहित' म्हटलं की आरोग्यदायी, असा समज झाला. धान्य काढून त्या जागी बहुतेकदा वाटाणा, मसूर, बटाटा भरला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं अशा खाद्याचा आणि कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराचा संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, पण 'धान्य नाही म्हणजे सुरक्षित' या गृहीतकाला तडा गेला. ज्वारीच्या मुलखात बसून आम्ही हे मुद्दाम सांगतो. कुत्रा शिजलेलं धान्य पचवू शकतो. धान्य हा गुन्हा नाही, धान्यावरच भागवणं ही चूक आहे.

आपल्याकडचं चित्रही बदलतंय. ड्रूल्स हा देशी ब्रँड छत्तीसगडच्या राजनांदगावचा, आपल्या गोंदियाच्या सीमेपलीकडचा, कोंबडीपालनाच्या उद्योगसमूहातून आलेला. २०२३ मध्ये त्यात परदेशी गुंतवणूक आली, २०२५ मध्ये नेस्लेनं अल्प हिस्सा घेतला. त्याच वर्षी गोदरेजही या धंद्यात उतरलं. यात लगेच काही काळंबेरं आहे असं आम्ही म्हणत नाही. अल्प हिस्सा म्हणजे ताबा नव्हे. पण भारतात या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक असलं तरी ते पाळणं ऐच्छिक आहे. पहारा ढिला असेल तिथे गिऱ्हाइकानंच डोळे उघडे ठेवायचे.

ते कसे ठेवायचे?

घटकांची यादी वजनाच्या क्रमानं असते, तेही शिजवण्यापूर्वीच्या वजनाच्या. ताज्या कोंबडीत सत्तर टक्के पाणीच. म्हणून 'चिकन' पहिलं दिसतं, आणि वाळल्यावर त्याचा वाटा बराच उतरतो. कोरड्या आणि ओल्या खाद्याची तुलना पाणी वजा करूनच करा. डब्यावर प्रथिनं १० टक्के, ओलावा ७८ टक्के असेल तर उरलेल्या २२ भागांत १० प्रथिनं, म्हणजे सुमारे ४५ टक्के. कोरड्या पिशवीवर प्रथिनं २४, ओलावा १० असेल तर सुमारे २७. आकडा छोटा दिसला म्हणजे खाद्य हलकं, असं नाही.

पिष्ट पदार्थांचा आकडा बहुधा छापत नाहीत. तो आपण काढायचा. प्रथिनं २४, स्निग्ध १०, ओलावा १०, तंतू ४, राख ८ धरली तर बेरीज ५६. उरलेले ४४ टक्के पिष्ट. मग पुढे लांडग्याचं चित्र असो की वाघाचं.

'संपूर्ण आहार' लिहिलंय की 'पूरक', ते बघा. पूरक खाद्यावर जनावर जगवू नका. 'उत्पादक' आणि 'विपणन' या दोन ओळींत दोन वेगळी नावं आहेत का, तेही बघा. पिशवी संपली की तिच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. कंपनीचा मालक बदलला की जुना-नवा फोटो शेजारी ठेवून घटक ताडून पाहा. बदल दिसला तर घाबरू नका, पण नवं खाद्य आठवडा-दहा दिवसांत जुन्यात मिसळत आणा. आणि दुकानात उघड्या पोत्यातलं सुटं खाद्य घेऊ नका. त्याला ना तारीख, ना बॅच नंबर, आणि हवेनं त्यातली चरबी खवट होते.

काही म्हणतील, एवढं कशाला, आमच्या आजोबांची कुत्री भाकरी-दुधावरच जगली. सांगोला-माळशिरसकडे मेंढरांमागची कारवानी कुत्री आठवा. भाकरी खायचीच, पण दिवसभर पळायची आणि ससा-उंदीर मारायची. आज फ्लॅटमध्ये बांधलेल्या लॅब्राडोरला फक्त भाकरी मिळते, ससा मिळत नाही. दूधही अनेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही.

घरी शिजवणं चांगलंच आहे, पण नीट शिजवा. नुसत्या कोंबडी-भातात कॅल्शियम फार कमी, पिल्लाची हाडं त्यानं कमकुवत होतात. शिजलेली हाडं घालू नका, ती फुटून टोचतात. प्रमाण जनावरांच्या डॉक्टरकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट वर्ज्य. उरलेल्या भाकरीला लागलेली आपली लाडकी शेंगा चटणीसुद्धा नको, तिच्यात लसूण आहे. मांजराचं गणित तर वेगळंच. ते मांसाहारीच आहे, टॉरीन त्याला खाण्यातूनच लागतं. १९८७ मध्ये संशोधकांनी दाखवलं की टॉरीन कमी पडल्यानं मांजरांचं हृदय निकामी होतं, आणि ती मांजरं तयार खाद्यच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. तेव्हा दूध-भाकरीवर मांजर पाळणं हा लाड नव्हे.

या १९८७ च्या गोष्टीत आमचं सगळं म्हणणं आलं. कंपन्या सुधारतात, पण कुणीतरी तपासतं, विचारतं तेव्हा. मालकाचं आडनाव बदललं म्हणून हळहळणं सोपं आहे. ग्राहक सेवेला फोन लावून 'हे कुठल्या कारखान्यात बनतं, सूत्र कुणी ठरवलं, तपासणीचा अहवाल द्याल का' असं विचारणं थोडं अवघड आहे. जी कंपनी उत्तर देते ती लहान असो वा मोठी, तिचा विचार करा. जी टाळते, तिची पिशवी कितीही हिरवी असली तरी दुकानातच राहू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.