एकाच स्पीकरचं व्रत
आता मंडळी, हा ८ इंची फुल-रेंज. घरी पेटी बनवणाऱ्यांचा लाडका. मध्ये क्रॉसओव्हर नाही, त्यामुळे गळा सलग येतो, हे कबूल. पण तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी? १०,००० हर्ट्झची ध्वनिलहर जेमतेम ३.४ सेंटिमीटरची, आणि स्पीकर २० सेंटिमीटरचा. म्हणून ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखं सरळ जातं. समोरच्याला टोचतं, बाजूच्याला मिळतच नाही. मधोमध चिकटवलेला छोटा कागदी शंकू थोडी मदत करतो, पण बरेचदा 'स' कर्कश करतो. माझं म्हणणं एवढंच: पेटी कानावरून जरा बाहेर वळवा, आणि ८ ओहमचा छोटा ट्वीटर २ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून जोडा. व्रत मोडेल, हो. पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही तानपुरा ऐकू येईल.