वाळवंटी साहसमालिकेचा शेवट : 'द थ्री मस्केटिअर्स' (1933) – एक चिकित्सा

प्रस्तावना :
मूकपटांच्या काळापासून साहसकथा भागाभागांनी दाखविण्याची प्रथा रूढ होती. प्रत्येक भाग संकटाच्या ऐन क्षणी थांबे आणि प्रेक्षक पुढील आठवड्यात पुन्हा चित्रपटगृहात येई. मॅस्कॉट पिक्चर्सची 'द थ्री मस्केटिअर्स' ही 12 भागांची अमेरिकन बोलपट-मालिका याच परंपरेतील होय. आर्मंड शेफर व कोल्बर्ट क्लार्क यांनी ती दिग्दर्शित केली. प्रस्तुत लेखात तिच्या शेवटाचा विचार केला आहे.

विवेचन :
ड्यूमाच्या कादंबरीचे नाव घेतले असले तरी येथे कथा वाळवंटात घडते. वैमानिक टॉम वेन (जॉन वेन) फ्रेंच परदेशी पलटणीतील तीन सैनिकांचे प्राण वाचवितो. पुढे त्याच्यावरच खुनाचा खोटा आळ येतो. पलटणीचा शत्रू 'एल शैतान' कोण, हा मालिकेचा मध्यवर्ती प्रश्न असून त्याचा उलगडा अखेरीस होतो.

हा उलगडा प्रेक्षकाला चकित करतो. पटवून मात्र देत नाही. रहस्यकथेचा शेवट अनपेक्षित असावा, तसाच तो मागे वळून पाहता अटळही वाटावा. येथे संशयाची सुई अनेकांकडे वळविली जाते, परंतु तर्काने गुन्हेगारापर्यंत पोहोचता येईल असे दुवे पुरविले जात नाहीत. परिणामी अखेरचा भाग आधीच्या अकरा भागांचे फलित न ठरता केवळ त्यांची समाप्ती ठरतो. नायक निर्दोष ठरतो, हे खरे. परंतु पलटणीविरुद्ध वाळवंटातील माणसे का उठली, हा प्रश्न मुखवटा उतरताच विसरला जातो. एका खलनायकाच्या पाडावाने संघर्षच संपला, असे मानले जाते. परकीय सत्ता अनुभवलेल्या समाजातील अभ्यासकाला ही उणीव विशेष जाणवेल.

या दृष्टीने पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीच्या 'दिलेर जिगर' (1931) या मूकपटाशी तुलना उद्बोधक ठरते. ग. प. पवार दिग्दर्शित या साहसपटात ललिता पवार यांची भूमिका आहे. राज्य बळकावणारा कोण आणि खरा वारस कोण, हे प्रेक्षकाला आरंभीच कळते. येथेही मुखवटा आहे. पण तो नायिकेचा, आणि त्यामागचा चेहरा प्रेक्षकाच्या ओळखीचा. त्यामुळे उत्कंठा 'कोण' यापेक्षा 'कसे' यावर उभी राहते आणि शेवट आरंभीच्या अन्यायाला थेट उत्तर देतो.

निष्कर्ष :
1946 मध्ये ही मालिका 'डेझर्ट कमांड' या नावाने एका चित्रपटात आटोपण्यात आली. सुमारे साडेतीन तासांची कथा इतकी आक्रसते तेव्हा आठवड्यांची प्रतीक्षा नाहीशी होते आणि शेवटाची तर्कदृष्ट्या कमकुवत बाजू उघडी पडते. मालिकेचा खरा आधार प्रतीक्षा हाच होता, असे यावरून म्हणता येते. 'दिलेर जिगर' पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केला आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील महाविद्यालयांना ही संस्था जवळची आहे. कथनशास्त्र शिकविताना या दोन शेवटांचा तौलनिक अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल.