चित्रपटगृहांतील भूत

जुनें चित्रपटगृह म्हटलें कीं त्यांत एक भूत असावयाचेंच, असा मुंबईच्या भूतकथांचा आतां सांचाच झाला आहे. शेवटचा खेळ सुटतो, दिवे मालवतात, आणि मागल्या रांगेंतील एक खुर्ची कुरकुरूं लागते! गिरगांवांत व परळांत अशा गोष्टी आम्हीं पुष्कळ ऐकल्या. भीति मात्र एकीचीहि वाटली नाहीं. याचें कारण काय?

आमच्या मतें, हें भूत विलायती वाड्यांतून उचलून आणलेलें आहे. आमच्याकडील भूत विनाकारण कोठें राहात नाहीं. मुंज होऊन लग्नाआधीं गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. पुरलेल्या धनांत जीव अडकलेला मनुष्य समंध होतो. त्यांचें कांहीं तरी राहून गेलेलें असतें. खुर्ची कुरकुरविणाऱ्याचें काय राहिलें, हें मात्र सांगणारा सांगत नाहीं. मग भीति वाटावी कशाची?

स्थळाची निवड तेवढी अचूक आहे. पडद्यावरचा माणूस मुळांतच छायारूप. मेल्यावरहि तो त्याच वयाचा राहून त्याच स्वरांत बोलतो. आणि ज्याचें खरोखर राहून गेलें, असें भूत गिरगांवांतच आहे. तेथील 'मॅजेस्टिक' चित्रपटगृहांत १४ मार्च १९३१ रोजीं अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' लागला. हिंदुस्थानांतील हा पहिला बोलपट. झुबेदा, मास्टर विठ्ठल, पृथ्वीराज कपूर अशीं त्यांत नटमंडळी. जवळून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज नडे, म्हणून त्याचें बरेंचसें चित्रण रात्रीं करावें लागलें. एवढ्या जाग्रणानें मिळविलेला तो आवाज आज कोठेंहि ऐकावयास मिळत नाहीं. चित्रपटाची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. कांहीं छायाचित्रें काय तीं उरलीं. मॅजेस्टिकहि पुढें पाडलें गेलें.

मुंजाचें लग्न राहिलें, यांत दोष कोणाचाच नसतो. येथें मात्र जपून ठेवण्याचें काम जिवंतांचें होतें, आणि तें झालें नाहीं. या भुताचें येणें आपल्याकडेच निघतें. भीतीचें मूळ असतें तें येथें. पाडलेल्या चित्रपटगृहाच्या जागीं उभें राहून आपला आवाज मागणाऱ्या या भुताची गोष्ट कोणी लिहील, तर ती आम्ही आदरानें वाचूं. आणि वाचून झाल्यावर दिवा लौकर मालवणार नाहीं.