‘नवशिक्यांसाठी उत्तम’ म्हणजे काय? – लाटांच्या अंदाजाची एक तपासणी

मुरुमहून समुद्र सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. आपल्या भागातील बहुतेक मुलांना तो नकाशातील निळ्या रंगातून आणि भूगोलातील खाऱ्या व मतलई वाऱ्यांच्या आकृतीतूनच माहीत असतो. मग एखाद्या हिवाळ्यात शाळेची सहल गणपतीपुळे किंवा मालवणला जाते. गाडी थांबते न थांबते तोच मुले पाण्याकडे धावत सुटतात. आदल्या रात्री सहलप्रमुख गुरुजींनी किंवा बाईंनी हवामानाचा अंदाज पाहिलेला असतो. आकाश निरभ्र राहील, पावसाची शक्यता नाही, एवढे वाचून त्यांचा जीव भांड्यात पडलेला असतो. हा निश्चिंतपणा कितपत खरा, हे या लेखात आम्हाला पाहायचे आहे.

हवामानाच्या या अंदाजाखेरीज आणखी एक अंदाज असतो. आपल्याकडे तो फारसा कोणी वाचत नाही. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत जाण्याच्या खेळाला सर्फिंग म्हणतात. हा खेळ खेळणाऱ्यांसाठी जगातील शेकडो किनाऱ्यांचे लाटांचे अंदाज रोज प्रसिद्ध होतात. उष्ण कटिबंधातील एखाद्या प्रवाळ खडकाच्या किनाऱ्यासाठी असा अंदाज साधारण पुढीलप्रमाणे असतो. (हा नमुना आम्हीच तयार केला आहे, धाटणी मात्र नेहमीची आहे.)

“सकाळी लाटांची उंची १ मीटर, आवर्तकाल १४ सेकंद, दिशा दक्षिण-नैऋत्य. वारा मंद, जमिनीकडून. पूर्ण भरती ८ वाजता. दुपारनंतर वारा समुद्राकडून. आकाश अंशतः ढगाळ. नवशिक्यांसाठी उत्तम दिवस.”

पुस्तकाचे परीक्षण करतो तसे या सहा-सात ओळींचे परीक्षण करू. त्यातले काय घ्यावे आणि काय टाकून द्यावे?

जमेची बाजू : आवर्तकाल

आकाशाची माहिती येथे जवळजवळ शेवटी, तीही एकाच वाक्यात येते, हे सर्वप्रथम नजरेत भरते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा क्रम अगदी योग्य आहे. आपल्यासमोर फुटणारी लाट आपल्या डोक्यावरील ढगांनी किंवा वाऱ्याने निर्माण केलेली असतेच असे नाही. ती हजारो किलोमीटर दूरच्या वादळी वाऱ्यांनी, आठवडाभरापूर्वीही निर्माण केलेली असू शकते.

ती कोठून आली असावी याचा सुगावा आवर्तकालावरून लागतो. एक लाट गेल्यानंतर दुसरी येईपर्यंतचा काळ म्हणजे आवर्तकाल. खोल पाण्यात लाटेची तरंगलांबी (मीटरमध्ये) ही आवर्तकालाच्या वर्गाच्या १.५६ पट असते. म्हणजे ६ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर, तर १४ सेकंदांच्या लाटेची ३०६ मीटर. पहिली जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली. दुसरी बहुधा दूरच्या वादळाची, कारण इतकी लांब लाट तयार व्हायला जोराचा वारा विस्तीर्ण समुद्रावर बराच काळ वाहावा लागतो. १४ सेकंदांच्या लाटांचा समूह दिवसाला सुमारे ९४० किलोमीटर जातो. दक्षिण हिंदी महासागरात ४५ अंश अक्षांशाच्या आसपास उठलेल्या लाटा मालवणला पोहोचायला साधारण एक आठवडा लागेल, हे गणित नववीचा विद्यार्थीही करू शकेल.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. १९६३ साली वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण महासागरातील वादळांच्या लाटांचा पॅसिफिक ओलांडून थेट अलास्कापर्यंत मागोवा घेतला होता. वाटेत या लाटांची ऊर्जा आश्चर्य वाटावे इतकी कमी खर्च होते, असे त्यांना आढळले.

‘वारा मंद, जमिनीकडून’ हे वाक्यही मोलाचे आहे. हाच आपल्या पुस्तकातील मतलई वारा. तो लाटेच्या समोरून येत असल्यामुळे लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. दुपारी खारे वारे सुटले की पाणी खडबडीत होते. म्हणूनच हे खेळाडू पहाटे पाण्यात उतरतात. खाऱ्या-मतलई वाऱ्यांचा धडा शिकवताना ‘याचा उपयोग काय?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर हे उत्तर हाताशी ठेवावे.

पहिली उणीव : ‘उंची १ मीटर’

एक मीटर म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या छातीइतके पाणी, असे आपल्याला वाटते. पण अंदाजातील उंची ही सर्वात मोठ्या लाटेची उंची नसते. सर्व लाटा उंचीनुसार मांडल्या आणि त्यांतील सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढली, की जो आकडा मिळतो तो ही ‘उंची’. अनुभवी निरीक्षक नजरेने सांगतात ती उंची या सरासरीच्या जवळ जाते, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही रीत रूढ झाली.

वर्गात हे सहज करून दाखवता येईल. ३० मुलांची उंची मोजा, सर्वात उंच १० जणांची सरासरी काढा आणि वर्गातील सर्वात उंच मुलाशी ताडून पाहा. मुलांच्या बाबतीत फरक थोडा येईल. लाटांच्या बाबतीत तो मोठा असतो. साधारणपणे सात लाटांमागे एक लाट अंदाजातील उंचीपेक्षा मोठी असते, आणि तीन तासांतली सर्वात मोठी लाट पावणेदोन ते दोन पट उंच असू शकते.

शिवाय हा आकडा खोल पाण्यातला आहे. किनाऱ्याजवळ लाटेचा वेग कमी होतो आणि ती उंचावते. जितकी लांब, तितकी अधिक. खोल पाण्यातली १ मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर फुटताना सव्वा मीटरच्या आसपास जाते. १४ सेकंदांची असेल तर पावणेदोन मीटरपर्यंत. म्हणजे ‘१ मीटर’ हे शब्द तेच, पण मूल छातीपर्यंत भिजणार की डोक्यावरून पाणी जाणार, हे आवर्तकाल ठरवतो. तो न सांगता नुसती उंची सांगणे म्हणजे रुंदी न सांगता शेताची लांबी सांगण्यासारखे आहे.

लांब लाटांचा आणखी एक धोका आहे. त्या गटागटाने येतात. दहा मिनिटे समुद्र शांत दिसतो आणि मग एकामागून एक पाच-सहा मोठ्या लाटा येतात. मुलांना पाण्यात सोडण्याआधी आपण जे पाहतो, ती बहुधा मधली दहा मिनिटे असतात.

दुसरी उणीव : खडक आणि भरती

लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वा पट खोल पाण्यात आली की फुटते. वाळूच्या उतरत्या किनाऱ्यावर ती हळूहळू फुटते, आणि पावसाळ्यात वाळू हलली की फुटण्याची जागाही बदलते. खडक हलत नाही. तेथे लाट रोज जवळपास त्याच जागी फुटते. म्हणून काही प्रवाळ किनारे शिकाऊ खेळाडूंना सोयीचे मानले जातात. पण खडक एकदम वर येत असल्याने लाट आडवी कोसळते, आणि पडणाऱ्याच्या खाली वाळूऐवजी धारदार प्रवाळ असते.

याच नियमावरून एक कोडे घालता येते. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला अरबी समुद्रात आंग्रिया बँक नावाचा बुडालेला प्रवाळी उंचवटा आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे. तेथे लाटा का फुटत नाहीत? उत्तर सोपे आहे. त्यासाठी पंधरा-सोळा मीटर उंचीची लाट लागेल.

याउलट मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आणि खडक उथळ पाण्यात आहेत. १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला हाच भाग. अशा ठिकाणी भरती-ओहोटीमुळे सारे चित्र पालटते. भरतीला ज्या खडकावरून लाट अलगद निघून जाते, त्याच खडकावर ती ओहोटीला आपटते. नमुन्यात पूर्ण भरती आठ वाजता दिली आहे, म्हणजे दोनच्या सुमारास ओहोटी. तरीही निर्णय मात्र अख्ख्या दिवसाचा दिला आहे! उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीत फरक असतो, याचाही त्यात उल्लेख नाही. तिथी पाहून तो आपण स्वतः ओळखायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग.

खडकावरून आत आलेले पाणी परत कोठून जाते, हेही अंदाज सांगत नाही. ते दोन खडकांमधल्या खोल वाटेने जोरात बाहेर जाते. तेथे पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नाही आणि ती जागा सर्वात शांत दिसते. वाळूच्या किनाऱ्यावरही असेच घडते. पोहता न येणारी मुले नेमकी ही ‘शांत’ जागा निवडतात.

तिसरी उणीव : निकाल

आमचा सर्वात मोठा आक्षेप शेवटच्या वाक्याला आहे. ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ यातला नवशिका कोण? सर्फिंगचा नवशिका पोहणारा असतो, त्याच्या पायाला फळी बांधलेली असते आणि शेजारी शिक्षक असतो. आपला विद्यार्थी कदाचित पहिल्यांदाच गुडघाभरापेक्षा जास्त पाणी पाहत असतो. मंद मतलई वारा खेळाडूला हवासा वाटतो. हवा भरलेल्या ट्यूबवर बसलेल्या मुलाला तोच वारा समुद्रात ओढून नेतो. म्हणजे एकाला अनुकूल असलेली गोष्ट दुसऱ्याला घातक ठरते. २०२४ च्या ऑलिंपिकमधील सर्फिंगच्या स्पर्धा ताहितीतील तेआहुपो येथील प्रवाळ खडकावर झाल्या, तेव्हा जगातील निवडक खेळाडूंनाही लाटा व वारा पाहून दिवस पुढे ढकलावे लागले. निकाल हा नेहमी कोणासाठी तरी असतो. तो कोणासाठी आहे, हे न सांगता छापणे शास्त्रीय नव्हे.

आपला अंदाज आणि आपली जबाबदारी

एवढे दोष दाखवूनही आम्ही म्हणू की हा अंदाज ‘आकाश निरभ्र’पेक्षा कितीतरी बरा आहे. तो आकडे तरी देतो, आणि आकडे असले म्हणजे निकाल आपल्याला तपासता येतो.

आपल्या देशातही ही माहिती उपलब्ध आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) लाटांची उंची, आवर्तकाल आणि दिशा यांचे अंदाज व इशारे देते. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेकडून आलेल्या लांब लाटांबद्दल या केंद्राने इशारा दिला होता. असा समुद्र केरळात ‘कळ्ळक्कडल’ म्हणून ओळखला जातो. चोरासारखा येणारा समुद्र असा त्याचा अर्थ. वर वादळ नसताना येतो, म्हणून चोर. मुंबईच्या किनाऱ्यासाठीही ४ व ५ मे रोजी सावधगिरीची सूचना होती. त्यातला आकडा होता अर्धा ते दीड मीटर. वर्तमानपत्रात तो वाचून कोण घाबरणार? ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील किनाऱ्यावर वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी लाटांत सापडून मरण पावले. त्या दिवसांसाठीचा इशारा प्रसिद्ध झालेला होता. तो सर्वांना समजेल अशा भाषेत किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचला नाही, ही खरी उणीव.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुड येथे पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारीचा; तेव्हा पावसाळाही नसतो.

म्हणून सहलीआधी निकाल वाचू नका, आकडे वाचा. आवर्तकाल किती? दहा-बारा सेकंदांच्या वर असेल तर उंची कमी दिसली तरी सावध राहा. भरती-ओहोटी केव्हा, आणि तिथी कोणती? वारा जमिनीकडून की समुद्राकडून? तळ वाळूचा की खडकाचा? किनाऱ्यावर पोहोचल्यावर, मुलांना पाण्यात सोडण्याआधी, वाळूत बसून वीस मिनिटे घड्याळ लावून लाटा मोजा. लागोपाठच्या दहा लाटांना लागलेल्या वेळाला दहाने भागले की आवर्तकाल मिळतो. हे काम मुलांनाच द्या. त्यांची सहल खऱ्या अर्थाने शैक्षणिक होईल. आणि शेवटी स्थानिक कोळी बांधवांना विचारा. ते ‘नको’ म्हणाले, तर आपले सारे गणित बाजूला ठेवून त्यांचे ऐका.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा आणि उमरगा तालुक्यांतील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. त्या पहाटेचा अंदाज कोणालाही देता आला नसता, आणि भूकंपाचा नेमका अंदाज देण्याचे शास्त्र आजही माणसाच्या हाती नाही. लाटेचे तसे नाही. ती आठवडाभर आधी निघालेली असते, तिचा वेग आपल्याला माहीत असतो आणि ती येण्याची वेळही सांगता येते. जे आधी कळू शकते ते वाचायला आपण शिकलो नाही, तर दोष समुद्राला देता येणार नाही.