उंबराचे पाणी आणि 'अवशेष' ही कल्पना

भाईंदरच्या पश्चिमेस, वसईची खाडी, मनोरीची खाडी आणि समुद्र यांच्या मध्ये धारावी बेट आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही त्यावरील गावे. ईस्ट इंडियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचे पाणी' आणण्याची रीत आहे. स्त्रिया गात, वाजतगाजत विहिरीवर जातात, विहिरीला मान देतात आणि त्या पाण्याने वधूला वा वराला न्हाऊ घालतात.

या विधीचे रूढ वाचन 'अवशेष' या संकल्पनेवर उभे आहे. धर्म बदलला, जुन्या आचाराचा एक तुकडा मागे राहिला, एवढेच त्यात सांगितले जाते. हे वाचन स्वीकारणे कठीण आहे. अवशेष आपोआप उरतो. विधी मात्र दर लग्नात नव्याने योजावा लागतो. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या जाहीरनाम्यात लग्नातील हळद, विड्याची पाने, गाणी यांवर बंदी घातली. बंदी घालणाऱ्यांना हे आचार मृत वाटले नव्हते. (विधीचे सर्वांत सावध वाचक बहुधा त्याचे शत्रूच असतात.) पुढे १७३९ मध्ये धारावीचा किल्ला आणि वसई मराठ्यांनी घेतली. सत्ता बदलली, तरी या समाजाने चर्च सोडले नाही आणि विहिरीची वाटही सोडली नाही. यास निवड म्हणावे लागते.

व्हिक्टर टर्नर यांनी १९६९ मध्ये मांडलेली 'कम्युनिटास' ही कल्पना येथे अपुरी पडते. विधीच्या मध्यावस्थेत श्रेणी विरघळतात, असे ते म्हणतात. विहिरीच्या वाटेवर मात्र कोण कोणाचे, कोणाला बोलावणे गेले, कोणाचा मान पहिला, हे सारे गावासमोर मांडले जाते.

'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी स्वीकारले गेले. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्तींपासून वेगळेपण राज्यकर्त्यांना दिसावे, हा त्यामागील हेतू होता. ते नाव अर्जाच्या भाषेतले आहे. 'उंबराचे पाणी' हे नाव कोणाकडे काही मागत नाही. ते मराठीत आहे आणि घरातल्यांसाठी आहे. एकाच समाजाची ही दोन नावे दोन वेगळ्या श्रोत्यांना उद्देशून आहेत, हे अवशेषवादी वाचनात हरवते.

खाऱ्या पाण्याने वेढलेल्या भूमीवर गोड्या विहिरीला मान देण्यास प्रतीकशास्त्राची गरज नव्हती. ती गरज आता, नळ आल्यावर आणि हाच विधी महोत्सवाच्या मंचावर सादर होऊ लागल्यावर, निर्माण झाली आहे. मंचावर विहीर नसते. कळशी मात्र असते.