‘उत्प्रेरक’ या संज्ञेची परीक्षा

शास्त्रीय संज्ञेचे मोल केवळ तिच्या व्युत्पत्तीवरून ठरत नाही. ती वाचकाच्या मनात कोणती कल्पना उभी करते, यावरून ते ठरते. या दृष्टीने रसायनशास्त्राच्या मराठी परिभाषेतील ‘उत्प्रेरक’ ही संज्ञा तपासून पाहण्याजोगी आहे. बर्झेलियसने १८३५ च्या सुमारास योजलेल्या मूळ ग्रीक शब्दात सैल करणे, मोकळे करणे हा भाव आहे. मराठीने ‘उत्’ व ‘प्र’ हे उपसर्ग आणि ‘ईर्’ हा धातू घेऊन चेतविण्याचा, पुढे ढकलण्याचा भाव पत्करला. क्रमिक पुस्तकांतील व्याख्येने त्यात भर घातली, ती अशी की, उत्प्रेरक विक्रियेचा वेग बदलतो, परंतु स्वतः बदलत नाही. अशा रीतीने उत्प्रेरक हा बाहेरून चेतविणारा आणि तरीही अलिप्त राहणारा ठरला.

प्रयोगशाळेची साक्ष निराळी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे १९९५ ते २००२ या काळातील संचालक पॉल रत्नसामी आणि त्यांचे सहकारी डी. श्रीनिवास यांनी टिटॅनियमयुक्त सिलिकेटांचा अभ्यास केला. या सच्छिद्र स्फटिकांत सिलिकॉनच्या काही जागी टिटॅनियमचे अणू बसलेले असतात. हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग होताच त्या अणूंवर ऑक्सिजनयुक्त अल्पजीवी रचना तयार होतात, त्या आपला ऑक्सिजन दुसऱ्या रेणूस देतात आणि टिटॅनियम पूर्वस्थितीस येते. या रचनांची ओळख वर्णपटांच्या साहाय्याने पटविण्यात आली. चीनमधील डालियन येथे कान ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये २४४ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार लेसर वापरून, स्फटिकाच्या चौकटीत बसलेले टिटॅनियम रामन वर्णपटात वेगळे ओळखून दाखविले.

येथे तीन संज्ञा एकत्र येतात. ‘लेसर’ हा उसना शब्द आहे. मराठी कानाला तो काहीच सुचवीत नाही, म्हणून फसवीतही नाही. ‘वर्णपट’ हे रूपक आहे. जंबुपार किरणांना डोळ्यांस दिसणारा वर्ण नसतो. तथापि वापराने रूपकाचा अर्थ विस्तारला आणि बाध उरला नाही. ‘उत्प्रेरक’ मात्र अर्थवाही असल्यामुळेच दिशाभूल करतो. वस्तुतः उत्प्रेरक ढकलीत नाही. तो कमी चढणीची दुसरी वाट उपलब्ध करून देतो. तो अलिप्तही नसतो. तो विक्रियेत भाग घेतो, बदलतो आणि पूर्ववत होतो. समतोल कोठे साधावा, हे मात्र तो बदलू शकत नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. महाड तालुक्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा प्रसंगी अतिवृष्टीला ‘उत्प्रेरक’ म्हणणे लेखनात सहज घडू शकते. परंतु मातीत मुरलेले पाणी डोंगराचा भार वाढविते, कणांमधील दाब वाढवून मातीची पकड घटविते, आणि उतार पुन्हा पूर्ववत होत नाही. हे कारण आहे, उत्प्रेरण नव्हे. शब्द सैल झाला की कारणाचा शोधही सैल होतो.

त्याच महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यात हायड्रोजन पेरॉक्साइडच्या टाकीत गंजाचा अंश गेला, तर लोह त्याच्या विघटनाचे उत्प्रेरण करते. उष्णता व ऑक्सिजन वेगाने मुक्त होऊन टाकी फुटण्याचा धोका संभवतो. ‘उत्प्रेरक’ म्हणजे कोणीतरी हेतुपूर्वक घातलेला चेतक, अशी ज्याची समजूत आहे, त्या कामगारास गंजाचा संशय येणार नाही.

यास्तव रूढ झालेली संज्ञा बदलण्याचा खटाटोप नको. तो बहुधा निष्फळ ठरेल. दुरुस्ती व्हावयास हवी ती क्रियापदांत. ‘उत्प्रेरक विक्रिया घडवून आणतो’ किंवा ‘स्वतः बदलत नाही’ असे न लिहिता, ‘उत्प्रेरक विक्रियेत सहभागी होऊन तिला सुलभ वाट देतो व अखेरीस पूर्ववत होतो’ असे लिहावे. संज्ञा एका शब्दात जे सांगू शकत नाही, ते सांगण्याचे काम वाक्याचे आहे. मराठी शास्त्रीय गद्याची खरी परीक्षा परिभाषाकोशात होत नाही. ती अशा वाक्यांत होते.